वलंदेजी व इंग्रजी कागदाची निर्गत : किंमतींचे तक्ते आणि जलचिन्हांची साक्ष

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारे आपण लोक कागदावर काय लिहिलें आहे तें पाहतों. कागद कोठून आला, कोणीं केला, कोणत्या वाटेनें इकडे पोंचला, ही चौकशी सहसा करीत नाहीं. देशी कागदाच्या बाबतींत ही उपेक्षा कांहीं अंशीं क्षम्य आहे. दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचा, जुन्नरचा किंवा अहमदाबादेचा ताव उजेडापुढें धरला तर गवताच्या काड्यांच्या चटईचे बारीक वळ दिसतात, घोटल्याची चकाकी दिसते. परंतु करणाराचें नांव अथवा साल त्यांत नसतें. विलायती कागदाची गोष्ट निराळी. साच्याच्या जाळीवर शिवलेल्या तारेची आकृति, करणाराचीं आद्याक्षरें, आणि कित्येकदां चार आंकडी साल हीं सर्व तावाच्या अंगांतच उमटलेलीं असतात. असला कागद आपल्या किनाऱ्यावरील वखारी, वकिलाती आणि पुढें कंपनी सरकारच्या कचेऱ्या यांतून आपल्या हातीं येतो. त्यांत वलंदेजी, म्हणजे डच, आणि इंग्रजी अशा दोन जातींचा संबंध संग्राहकाला फार येतो. गोव्याकडील फिरंगी दप्तरांतील कागदाचा विषय स्वतंत्र आहे. तो येथें घेत नाहीं.

या दोन देशांपैकीं कोणत्या देशाचा कागद कोणत्या काळीं जगभर अधिक जात होता, हा प्रश्न वरवर पाहतां व्यापाऱ्यांचा वाटेल. परंतु त्याचें उत्तर ठाऊक असल्यावांचून जलचिन्हावरून कागदाचा देश व काळ ठरविणें धोक्याचें आहे; आणि एकाद्या सनदेचा खरेखोटेपणा कित्येकदां याच एका गोष्टीवर येऊन ठेपतो. निर्गत मालाच्या किंमतींचे तक्ते समोर घेऊन दोन ओळी शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे तुलना झाली, असें समजणारे पुष्कळ आहेत. तसें नाहीं, हें दाखविणें हा या लेखाचा उद्देश आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभीं या दोन्ही देशांपैकीं एकहि देश लिहिण्याजोगा उत्तम पांढरा कागद स्वतःपुरताहि करीत नव्हता. इंग्लंडांत जॉन टेट यानें हर्टफर्डजवळ पंधराव्या शतकाच्या अखेरीस कागदाची गिरणी घातली होती खरी, पण ती टिकली नाहीं. त्यानंतर दीर्घकाळपर्यंत तेथील गिरण्या मुख्यतः जाडाभरडा, बांधाबांधीचा कागद करीत. चांगला कागद फ्रान्समधून येई. वलंदेजांचीहि स्थिति फार निराळी नव्हती. मात्र ते कागद करणारे होण्यापूर्वीं कागद विकणारे झाले. फ्रान्समधील आंगूलेम प्रांतांतील गिरण्यांना ॲम्स्टरडॅमचे व्यापारी भांडवल पुरवीत, माल आगाऊ बांधून घेत, आणि साच्यावर आपल्या शहराचें ढालचिन्ह व आपलीं आद्याक्षरें बसवून घेत. म्हणून ॲम्स्टरडॅमची ढाल उमटलेला सतराव्या शतकांतील प्रत्येक ताव हॉलंडांत झालेला असतो असें मानणें चूक आहे. त्यांतील पुष्कळसा जन्मानें फरासीस आहे.

इ. स. १६८५ मध्यें फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें प्रॉटेस्टंट प्रजेला मिळालेलें संरक्षण काढून घेतलें, आणि त्या पंथाचे अनेक कारागीर व व्यापारी देशोधडीला लागले. त्यांपैकीं कित्येक हॉलंड व इंग्लंड या देशांत गेले. त्यापाठोपाठ फ्रान्सशीं लढाया जुंपल्या व फरासीस कागदाची वाट वारंवार बंद पडूं लागली. ही संधि प्रथम वलंदेजांनीं साधली. ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेस झान नदीचा जो सपाट प्रदेश आहे, तेथें जोरानें वाहणारें पाणी नाहीं. म्हणून तेथील लोकांनीं पवनचक्क्यांवर कागद केला. चिंध्या कुटण्यासाठीं इतरत्र मुसळांची रांग चालवीत. त्या जागीं या लोकांनीं लांबट हौद व त्यांत फिरणारा पात्यांचा रूळ बसविला. या युक्तीला आजहि कागदवाल्यांच्या भाषेंत 'हॉलंडर' म्हणतात. सतराव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत ती प्रचारांत आली. मुसळांना जें काम करावयास दिवसेंदिवस लागत, तें तिनें फारच थोड्या वेळांत होई, आणि लगदाहि बारीक निघे. वेस्टझान येथील 'स्कूलमेस्टर' नांवाची इ. स. १६९२ ची कागदाची पवनचक्की आजहि उभी आहे. होनिग, व्हान डर ले, ब्लाव हीं या भागांतील घराण्यांचीं नांवें जलचिन्हांतून आपल्याला भेटतात तीं याच उद्योगामुळें.

इंग्लंडची वाढ हळूहळू झाली. बाहेरच्या कागदावर चढत्या जकाती बसत गेल्या, इ. स. १७१२ मध्यें देशी कागदावरहि कर बसला, पण तो परदेशी कागदावरील जकातीहून हलका असल्यामुळें देशी गिरण्यांस एकंदरीनें आसराच मिळाला. केंट परगण्यांतील जेम्स व्हॉटमन याचें नांव शतकाच्या मध्यास पुढें आलें. रेषा न उमटणारा गुळगुळीत कागद त्याच्या साच्यांतून निघाला, व बास्करव्हिल यानें इ. स. १७५७ मध्यें छापलेल्या व्हर्जिलच्या ग्रंथांत तो प्रथम वापरला गेला. शतकाच्या अखेरीस इंग्लंड आपल्या गरजेपुरता बहुतेक कागद स्वतः करून उरलेला बाहेर पाठवूं लागलें होतें. इ. स. १८०० च्या सुमारास तेथील वार्षिक उत्पन्न अदमासें अकरा हजार टन होतें. यंत्रांचा प्रसार झाल्यावर इ. स. १८६० च्या सुमारास तें एक लक्ष टनांच्या घरांत गेलें.

आतां किंमतींच्या तक्त्यांकडे वळूं. इंग्लंडांत आयात व निर्गत मालाच्या तपासनिसाची कचेरी इ. स. १६९६ मध्यें स्थापन झाली व तेव्हांपासून मालाच्या नोंदी क्रमानें राहिल्या. या वह्यांत प्रत्येक मालापुढें पौंडांत किंमत लिहिलेली असते. वाचणारास वाटतें कीं त्या वर्षीं तो माल तेवढ्याला विकला गेला. वस्तुतः तसें नाहीं. प्रत्येक जिन्नसाचा दर आरंभीं एकदां ठरविला गेला; पहिलीं थोडीं वर्षें तो सुधारण्याचा प्रयत्न झाला, आणि नंतर तो जवळजवळ गोठला. पुढें शंभर वर्षें बाजारभाव चढो वा उतरो, कारकून रिमांचा आंकडा घेऊन जुन्या दरानें गुणी व गुणाकार वहींत मांडी. म्हणजे ही 'सरकारी किंमत' ही किंमत नव्हेच. ती पौंडांच्या वेषांतील मोजदाद आहे. ही गोष्ट एकदां ध्यानांत आली म्हणजे त्या वह्यांचा उपयोग वाढतो. एका वर्षीं आंकडा दुप्पट झाला तर कागद महाग झाला असें न समजतां कागद दुप्पट गेला असें समजावें.

इ. स. १७९८ मध्यें लढाईच्या दिवसांत व्यापारी जहाजांना आरमाराचें संरक्षण देण्याबद्दल मालाच्या किंमतीवर कर बसला, आणि तेव्हांपासून व्यापाऱ्यानें खरी किंमत जाहीर करावी असें ठरलें. त्या एका वर्षीं ब्रिटनच्या स्वतःच्या एकंदर निर्गत मालाची सरकारी किंमत दोन कोटि पौंडांच्या आंत येते, आणि जाहीर किंमत तीन कोटींच्या वर जाते. माल तोच, बंदरें तींच, वर्षहि तेंच. उलट इ. स. १८४२ मध्यें पाहिलें तर सरकारी किंमत सुमारें दहा कोटि व जाहीर किंमत पांच कोटींच्याहि आंत. यंत्रांमुळें कापड वगैरे माल स्वस्त झाला, पण वहींतील दर दीडशें वर्षांपूर्वींचाच राहिला. एकाद्या अभ्यासकानें पहिला अर्धा तक्ता सरकारी किंमतींचा व दुसरा जाहीर किंमतींचा घेऊन एक रेघ ओढली, तर तींत जो चढ किंवा उतार दिसेल तो व्यापाराचा नसून कारकुनाच्या लेखणीचा असेल. शिवाय या जुन्या वह्या इंग्लंड व वेल्स यांच्यापुरत्या आहेत. स्कॉटलंड व आयर्लंड त्यांत नाहींत. आणि आयर्लंडला गेलेला कागद त्या काळीं परदेशी निर्गत म्हणून मांडलेला असतो, हेंहि विसरतां कामा नये.

वलंदेजांच्या बाजूस याहून मोठी अडचण आहे. त्यांच्या प्रजासत्ताकांत जकात गोळा करण्याचें काम एका कचेरीकडे नव्हतें. पांच निरनिराळ्या आरमारी मंडळांकडे तें वांटलेलें होतें, आणि जमा झालेला पैसा आरमाराकडेच जाई. व्यापाऱ्यांच्या शहरांत व्यापाऱ्यांनींच नेमलेले जकातदार असल्यावर माल किती सैलपणानें तपासला जात असेल, याची कल्पना आपल्याकडील जकातींचीं प्रकरणें वाचलेल्यांस सहज होईल. त्यांतूनहि ज्या वह्या राहिल्या होत्या, त्यांचा मोठा भाग इ. स. १८४४ मध्यें हेग येथें आरमार-खात्याच्या इमारतीस आग लागून जळाला. सबंध अठराव्या शतकाचा वलंदेजी कागद किती रीम व किती किंमतीचा बाहेर गेला, याचा सलग तक्ता म्हणूनच तयार होऊं शकत नाहीं. राष्ट्रीय व्यापाराचे छापील तक्ते इ. स. १८४६ पासून निघूं लागले. आणि त्यांतहि बहुतेक मालाला ठरीव दरच लावीत, ते पहिल्या महायुद्धापर्यंत चालले. जी खोड इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत सोडली, ती वलंदेजांनीं विसाव्या शतकापर्यंत जपली.

नाण्याचा प्रश्न त्यावर आणखी. अठराव्या शतकांत एका पौंडास साधारणतः अकराच्या आसपास गिल्डर पडत. पण ॲम्स्टरडॅमच्या पेढीचें खात्यांतील चलन व बाजारांतील रोख नाणें यांत शेंकडा चार-पांचाची तफावत असे, व कोणतें चलन अभिप्रेत आहे हें व्यापारी पत्रांत दरवेळीं लिहिलेलें नसतें. आपल्याकडील बट्ट्याचे हिशेब ज्यांनीं सोडविले आहेत त्यांस हें नवें वाटणार नाहीं. पुढें इ. स. १७९७ पासून १८२१ पर्यंत इंग्लंडच्या बँकेनें नोटांच्या बदल्यांत सोनें देणें बंद ठेवलें होतें. त्या अवधींतील जाहीर किंमतींचा फुगवटा कांहीं अंशीं नोटांचा आहे, कागदाच्या रिमांचा नाहीं.

मापांचाहि घोळ आहे. रीम म्हणजे वीस दस्ते. पण दस्त्यांत ताव कोठें चोवीस, कोठें पंचवीस, आणि छापखान्यासाठीं बांधलेल्या रिमांत आणखी कांहीं अधिक. लहान टोपीछापाची एक रीम आणि मोठ्या नकाशाच्या तावांची एक रीम यांत वजनाचा केवढा फरक! इंग्लंडांत इ. स. १७९४ मध्यें कर वजनावर आकारूं लागले, तेव्हां कोठें हा गोंधळ आवरला. पुठ्ठ्याचा हिशेब निराळा असे. आजच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारींत, जी इ. स. १९८८ पासून चालू आहे, कागद व पुठ्ठा हीं दोन्ही अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणांत एकत्र आलीं आहेत. लगदा त्याच्या आधींच्या प्रकरणांत व छापील पुस्तकें नंतरच्या प्रकरणांत. तेव्हां आजच्या तक्त्यांत ज्यास 'कागद' म्हटलें आहे, त्यांत खोक्यांचा पुठ्ठा फार मोठा असतो, आणि जुन्या वहींतील 'कागदा'शीं त्याची सरळ तुलना होऊं शकत नाहीं.

यापेक्षांहि सूक्ष्म चूक परदेशी मालाच्या फेरनिर्गतीची आहे. इंग्रजांच्या नौकानयनाच्या कायद्यांनीं अमेरिकेंतील वसाहतींस युरोपचा माल इंग्लंडच्या बंदरांतूनच घ्यावा लागे. वलंदेजी कागद लंडनला उतरला कीं तो हॉलंडची निर्गत झाला. तोच पुढें बोस्टनला गेला कीं इंग्लंडच्या वहींत 'परदेशी माल बाहेर गेला' या सदरांत चढला. दोन्ही देशांचे आंकडे मिळवले तर एकाच रिमेची दोनदां गणना होते. आणि ती मूळची आंगूलेमची असेल तर तीन वेळां. हा रोग जुना असला तरी गेलेला नाहीं. रॉटरडॅमच्या बंदरांतून जाणारा परमुलखांतला माल नेदरलंड्सच्या निर्गतींत मिसळतो, म्हणून तेथील आंकडेखात्यास आजहि घरचा माल व फेरनिर्गत वेगळे दाखवावे लागतात. जें राष्ट्र तीनशें वर्षांपूर्वीं फरासीस कागदावर आपली ढाल उमटवून विकीत होतें, त्याच्या तक्त्यांत ही अडचण कायम राहावी यांत नवल नाहीं.

इतक्या अडचणी असल्या तरी प्रवाहाची दिशा स्पष्ट आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत वलंदेज पुढें, इंग्रज मागें. इ. स. १७६७ मध्यें पार्लमेंटनें अमेरिकन वसाहतींत येणाऱ्या ज्या थोड्या मालावर जकात बसविली, त्यांत चहा, कांच, शिसें व रंग यांबरोबर कागदहि होता. वसाहतींची कागदाची गरज बाहेरून भागत होती, याचें हें प्रमाणच आहे. इ. स. १७८० ते १७८४ च्या इंग्रज-वलंदेज लढाईनें हॉलंडच्या समुद्रव्यापाराचें कंबरडें मोडलें. इ. स. १७९५ मध्यें फ्रेंच फौजा तेथें शिरल्या, त्याच वर्षीं कोचीन इंग्रजांनीं घेतलें, इ. स. १७९९ च्या अखेरीस वलंदेजांची ईस्ट इंडिया कंपनीच संपली, आणि इ. स. १८१० मध्यें सबंध देश नेपोलियनच्या साम्राज्यांत बुडाला. या पंधरा वर्षांत पूर्वेकडील समुद्र इंग्रजांस मोकळा सांपडला. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकांत वखार घालणारे वलंदेज आणि इ. स. १७८६ पासून पुण्यास वकील ठेवणारे इंग्रज, यांच्या कागदांत हा पालट आपल्याला हातानें चांचपतां येतो.

येथें संग्राहकाच्या खास उपयोगाची गोष्ट सांगावयाची आहे. इंग्लंडांत देशी कागदावर कर होता, पण कागद परदेशीं धाडला तर तो परत मिळे. इ. स. १७९४ च्या कायद्यानें या परतफेडीस एक अट घातली : तावाच्या अंगांत १७९४ किंवा त्यापुढील साल जलचिन्हानें उमटलेलें असलें पाहिजे. माल बाहेर जाईल कीं घरींच खपेल हें कारखानदारास आधीं कळत नसल्यामुळें बहुतेकांनीं सर्वच साच्यांवर साल बसविलें. इ. स. १८११ मध्यें ही अट काढून टाकली, तरी संवय पुष्कळांनीं सोडली नाहीं. सारांश, एका जकातीच्या कलमानें हिंदुस्थानांत येणारा इंग्रजी कागद सालवार झाला. वलंदेजी कागदास असें कांहीं घडलें नाहीं. त्याचा काळ नांवावरून व आकृतीवरून अदमासानेंच बांधावा लागतो.

पण सालाचा अर्थ बेतानें लावावा. साच्यांवरील साल कागदाचा वरचा काळ सांगतें, खालचा नाहीं. समजा, शके १७१५ ची, म्हणजे इ. स. १७९३-९४ ची मिति असलेली सनद आहे आणि तिच्या तावांत १८०४ हें साल दिसतें. ती त्या मितीस लिहिलेली नाहीं हें निश्चित. परंतु एवढ्यावरून ती बनावट ठरत नाहीं. आपल्या दप्तरांत नकलांची रीत सार्वत्रिक होती, आणि नक्कल करणारा मूळची मिति तशीच उतरवी. आधीं नक्कल समजून पाहावें. शिक्का, मोर्तब व अक्षर हीं मूळचीं असल्याचा दावा असेल तरच संशय धरावा. या बाबतींत आमच्या मतें उतावळेपणानें पुष्कळ चांगले कागद बदनाम झाले आहेत. उलट बाजूनें, १७९४ चें साल असलेल्या तावावर इ. स. १८०६ चें पत्र असलें तर त्यांत विशेष कांहीं नाहीं. कायद्याला '१७९४ किंवा पुढील' कोणतेंहि साल चालत होतें, म्हणून कित्येक गिरण्यांनीं पहिलाच आंकडा वर्षानुवर्षें ठेवला. त्यांत गलबतांचा प्रवास, वखारींतील सांठा व कारकुनाची काटकसर हीं मिळविलीं पाहिजेत. याचा कळस फ्रान्समध्यें दिसतो. तेथील इ. स. १७४१ च्या राजाज्ञेप्रमाणें साच्यांत १७४२ हें साल घालावयाचें होतें. आणि अनेक गिरण्या पुढें कित्येक दशकें १७४२ च घालीत राहिल्या. १७४२ दिसलें कीं कागद त्या वर्षींचा, असें म्हणणारानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

नांवांचीहि तीच कथा. वलंदेजी कागदाला प्रतिष्ठा होती तोंपर्यंत इंग्रज गिरण्या कुंपणांतील कुमारी व सिंह असें 'प्रो पॅट्रिया' चिन्ह आणि स्ट्रासबुर्गचें कमळ उचलीत. वलंदेज इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठीं ब्रिटानियेची आकृति व इंग्रज राजाचीं आद्याक्षरें घालीत. पुढें पारडें फिरलें, तेव्हां व्हॉटमनचें नांव हॉलंडच्या साच्यांत दिसूं लागलें. किंमतीचे तक्ते जळाले असले तरी कोणी कोणाची नक्कल केली, एवढ्यावरून बाजार कोणाच्या हातीं होता तें कळतें. एकाच तावाच्या दोन अर्धांपैकीं एका अर्धांत आकृति व दुसऱ्यांत आद्याक्षरें असतात. दोन्ही अर्ध मिळाल्यावांचून देशाचा निर्णय करूं नये.

म्हणून संग्राहकांस एक विनंति आहे. जीर्ण पत्र टिकावें म्हणून मागें दुसरा कागद चिकटविण्याची जी रीत आहे, तिनें जलचिन्ह कायमचें झांकलें जातें. डकविण्यापूर्वीं ताव उजेडापुढें धरून आकृति पातळ कागदावर गिरवून घ्यावी. उभ्या ठळक रेघांमधील अंतर पट्टीनें मोजून लिहावें. आद्याक्षरें वाचलीं तशींच उतरावीं, लागतील तशीं पुरीं करूं नयेत. आणि चिन्ह पत्राच्या लिहिलेल्या अर्धांत आहे कीं कोऱ्या अर्धांत, हें नोंदवावें. कोरा अर्ध फाडून टाकण्याची चाल फार आहे. पुष्कळ वेळां साल त्याच तुकड्यांत असतें.